कर, रस्ता आणि नागरिकाची हरकत
(उच्च प्राथमिक वर्गांस नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

शिक्षण विस्तार अधिकारी

१. पाठातील उणीव

स्थानिक शासनसंस्थांचा पाठ आपल्या शाळांतून दरवर्षी होतो. वर्गतपासणीच्या वेळी प्रश्न केला असता मुले उत्तरेही बरोबर देतात. ग्रामपंचायतीत किमान सात व कमाल सतरा सदस्य असतात. महानगरपालिकेच्या प्रमुखास महापौर म्हणतात. प्रशासन आयुक्त पाहतात. येथवर सर्व ठीक असते. परंतु ह्याच मुलांना पुढे विचारले की, “तुमच्या घराची पट्टी किती असावी हे कोणी ठरविले? केव्हा ठरविले? ते ठरत असताना तुमच्या वडिलांना किंवा आईला काही सांगावयाचे असते, तर त्यांनी कोठे जावयास हवे होते?” तर वर्ग शांत होतो. काही वेळा शिक्षकही शांत होतात.

ह्यात मुलांचा दोष नाही. आपण संस्थेची रचना शिकवितो, पण निर्णयाची वाट शिकवीत नाही. रचना पाठ करता येते. वाट चालून दाखवावी लागते. कर आणि रस्ता हे दोन विषय ह्या कामी सर्वांत सोयीचे आहेत, कारण कराची पावती प्रत्येक घरात असते व रस्ता प्रत्येक दारासमोर असतो. प्रस्तुत लेखात ह्या दोहोंच्या आधारे एकच गोष्ट स्पष्ट करावयाची आहे. सार्वजनिक निर्णयाला एक क्रम व एक वेळ असते. नागरिकाचा शब्द त्या वेळेपूर्वी, लेखी व योग्य ठिकाणी पोहोचला तरच तो निर्णयाचा भाग होतो. वेळ टळल्यावर उच्चारलेला तोच शब्द केवळ तक्रार ठरतो.

जिल्हा परिषदेचे पुष्कळ शिक्षक शहरात राहून खेड्यात शिकवितात. त्यांस ग्रामपंचायत व महानगरपालिका ह्या दोन्ही संस्थांचा प्रत्यक्ष अनुभव असतो. म्हणून येथे शहरातील एक वसाहत व जिल्ह्यातील एक गाव अशी दोन्ही उदाहरणे घेतली आहेत.

२. पुंडलिकनगर : आधी घरे, मागाहून रस्ता

छत्रपती संभाजीनगर शहराच्या गारखेडा भागात, गजानन महाराज मंदिराच्या परिसरालगत पुंडलिकनगर ही दाट वस्ती आहे. तिच्या शेजारीच सिडकोने वसविलेला भाग लागतो. ह्या दोन प्रकारच्या वसाहतींतून एक फेरी मारली, तर नागरिकशास्त्राचा निम्मा पाठ डोळ्यांनीच वाचून होतो.

सिडकोच्या भागात आधी नकाशा आखला गेला, नकाशात रस्ते व मोकळ्या जागा सोडल्या गेल्या आणि त्यानंतर घरे उभी राहिली. पुंडलिकनगर व त्याच्या आसपासच्या अनेक वस्त्यांत क्रम नेमका उलटा होता. शेतजमिनीचे लहान लहान तुकडे पाडून ते गुंठ्यांच्या मापाने विकले गेले. रेखांकनास रीतसर मंजुरी घेतलेली नव्हती. नोकरी-धंद्यासाठी शहरात आलेल्या कुटुंबांना परवडेल असा निवारा त्याच मार्गाने मिळाला. ह्या पद्धतीस आपण गुंठेवारी म्हणतो. घेणाऱ्याने घामाचे पैसे मोजून जागा घेतली, विटेवर वीट ठेवून घर बांधले. रस्ता मात्र घराघरांमध्ये जे अंतर उरले तेवढाच राहिला.

अशा घरांना नियमित करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २००१ साली गुंठेवारी विकास अधिनियम केला. त्यानुसार १ जानेवारी २००१ पूर्वीची बांधकामे शुल्क भरून नियमित करता येत होती. पुढे २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. दोन तारखांमधील हे वीस वर्षांचे अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. ह्या काळात ज्यांनी घर बांधले, त्यांच्या घराची कायदेशीर स्थिती एका तारखेवर अवलंबून होती.

येथे शिक्षकांनी थोडे गणित अवश्य करून घ्यावे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. फळ्यावर २०० फूट लांबीची एक गल्ली काढावी. दोन्ही बाजूंस २० फूट रुंद व ३० फूट खोल अशी दहा-दहा घरे दाखवावीत. गल्ली १५ फूट रुंद असेल, तर रस्त्याखाली ३,००० चौरस फूट जागा गेली. ती ३० फूट करावयाची झाल्यास ६,००० चौरस फूट लागेल. वाढीव ३,००० चौरस फूट म्हणजे सुमारे पावणेतीन गुंठे जमीन. विक्रीच्या वेळी ही जमीन सोडली असती, तर तिचा भार जमीन विकणारा व घेणारे ह्या सर्वांनी मिळून वाटून घेतला असता. घरे झाल्यावर ती काढावयाची म्हटली, तर प्रत्येक घराचा साडेसात फूट पुढचा भाग जातो. सहाशे चौरस फुटांच्या घरातून दीडशे चौरस फूट, म्हणजे घराचा चौथा हिस्सा.

हे आकडे पाठासाठी कल्पिलेले आहेत. परंतु प्रश्न कल्पित नाही. जून २०२५ मध्ये मुकुंदवाडी परिसरात आणि त्यानंतर शहरात येणाऱ्या अन्य मोठ्या मार्गांवर रस्ते मोकळे करण्यासाठी महानगरपालिकेने बांधकामे हटविण्याची मोठी मोहीम घेतली. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि शाळेची बस ह्यांना वाट हवी, हे जितके खरे तितकेच एका कुटुंबाच्या आयुष्याची पुंजी त्या साडेसात फुटांत असू शकते, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात म्हणूनच निर्णयाला पद्धत लागते. पद्धत नसेल तर बळ असलेल्याचा रस्ता रुंद होतो व दुर्बळाचे घर अरुंद होते.

३. कर कोण ठरवितो आणि केव्हा ठरवितो

औरंगाबाद महानगरपालिकेची स्थापना ८ डिसेंबर १९८२ रोजी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले व महानगरपालिकेचे नावही त्याप्रमाणे बदलले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७५ हजार होती. एवढ्या वस्तीस पाणी, दिवे, रस्ते व स्वच्छता पुरवावयाची तर उत्पन्न हवे. पूर्वी शहराच्या नाक्यांवर जकात वसूल होई. जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून तो बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर शासन महानगरपालिकांना भरपाई देऊ लागले. परिणामी, नागरिक व महानगरपालिका ह्यांच्यामधील थेट आर्थिक नाते मुख्यतः मालमत्ता करापुरते व पाणीपट्टीपुरते उरले. ते नाते नीट समजून घेणे म्हणूनच अधिक अगत्याचे झाले आहे.

मालमत्ता कराचे गणित कठीण नाही. घर भाड्याने दिले असता वर्षास जे वाजवी भाडे येईल, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात व त्यावर ठरलेल्या टक्केवारीने कर आकारतात. उदाहरणादाखल, एखाद्या घराचे भाडे दरमहा २,००० रुपये धरले, तर वर्षाचे २४,००० रुपये होतात. त्यातून २,४०० वजा जाता करयोग्य मूल्य २१,६०० रुपये झाले. सर्व करांचा एकत्रित दर समजा २५ टक्के असेल, तर कर ५,४०० रुपये. (भाडे व दर दोन्ही केवळ उदाहरणासाठी आहेत.)

ह्या हिशोबात दोन निरनिराळे निर्णय गुंतलेले आहेत. पहिला निर्णय घराच्या मूल्याचा. तो प्रशासन करते व त्याविरुद्ध घरमालकास ठरलेल्या मुदतीत लेखी तक्रार करून सुनावणी मागता येते. दुसरा निर्णय दराचा. तो सर्व शहरासाठी एकच असतो व लोकप्रतिनिधींच्या सभेत होतो. महानगरपालिका अधिनियमानुसार पुढील आर्थिक वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावयाचे असतात. आयुक्त अंदाज मांडतात, स्थायी समिती त्यांचा विचार करते व सर्वसाधारण सभा निर्णय घेते.

आता मुलांना विचारावे : कराचे बिल घरी केव्हा येते? एप्रिलनंतर. दर केव्हा ठरला? फेब्रुवारीत. म्हणजे बिल हाती पडल्यावर “दर फार झाला” असे म्हणणारा नागरिक त्या वर्षापुरता उशिरा आलेला असतो. आपले मूल्य चुकीचे धरले आहे, खोल्या जास्त दाखविल्या आहेत, नाव चुकले आहे, ही तक्रार बिल आल्यावर करता येते. दराविषयीचे म्हणणे मात्र हिवाळ्यातच नगरसेवकाच्या व आयुक्तांच्या हाती गेले पाहिजे. हा भेद ज्यास समजला त्यास नागरिकशास्त्र समजले असे मानण्यास हरकत नाही.

बिलातील सर्व रक्कम महानगरपालिकेस मिळत नाही, हेही मुलांना दाखवावे. त्यात शिक्षण कर अशी एक ओळ असते. हा कर १९६२ च्या अधिनियमान्वये राज्य शासनासाठी वसूल केला जातो. आपल्याच क्षेत्राशी निगडित असलेली ही ओळ शिक्षकांनाही अनेकदा ठाऊक नसते.

कर, पट्टी व शुल्क ह्यांतील भेदही येथेच सांगावा. कर हा सर्वांच्या समाईक सोयीसाठी असतो. “मी रस्त्याने जात नाही म्हणून कर देणार नाही” असे कोणास म्हणता येत नाही. पाणीपट्टी विशिष्ट सेवेसाठी असते. गुंठेवारीत भरावयाचे शुल्क तर एका विशिष्ट प्रयोजनासाठी घेतलेले असते, म्हणून ते भरणाऱ्या वस्तीने “ह्या रकमेतून आमच्या भागात कोणते काम झाले?” असे विचारणे पूर्णपणे रास्त आहे.

पाणीपट्टीचे एक प्रत्यक्ष उदाहरण आपल्या शहरातच घडले. घरगुती अर्धा इंची नळजोडणीची वार्षिक पाणीपट्टी ४,०५० रुपये होती. पाणी रोज येत नसताना एवढी पट्टी का, असा नागरिकांचा सतत आक्षेप होता. २०२२ मध्ये ती निम्म्यावर, म्हणजे २,०२५ रुपयांवर आणण्यात आली. लोकांच्या म्हणण्याचा परिणाम झाला, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. तथापि पुढचा प्रश्नही विचारावा. पाच दिवसांतून एकदा पाणी आले असे धरले, तर वर्षात ७३ वेळा पाणी येते. पहिल्या दराने प्रत्येक वेळेस सुमारे ५५ रुपये ५० पैसे पडतात, दुसऱ्या दराने सुमारे २७ रुपये ७५ पैसे. पट्टी निम्मी झाली; पण त्यामुळे पाणी येण्याच्या वेळा वाढल्या का? दर कमी करणे हा एक निर्णय आहे, सेवा सुधारणे हा दुसरा. पहिल्याने समाधान मानून दुसरा विसरणे हे नागरिकाच्या हिताचे नाही.

४. रस्त्याविषयीचे दोन निर्णय

रस्त्याच्या बाबतीतही असेच दोन निर्णय असतात व त्यांची गल्लत नेहमी होते.

पहिला निर्णय रस्ता कोठून जाईल व किती रुंद असेल हा. तो शहराच्या विकास आराखड्यात होतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध करून त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात; सुनावणी होते, बदल सुचविले जातात आणि अखेर राज्य शासन मंजुरी देते. छत्रपती संभाजीनगरचा असा प्रारूप आराखडा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध होऊन त्यावर हरकती मागविण्यात आल्या होत्या. नकाशावर त्या वेळी ओढलेली एक रेषा पुढील वीस वर्षे एखाद्या गल्लीचे भवितव्य ठरवू शकते. यंत्र दाराशी आल्यावर जो आक्रोश होतो, त्याची खरी वेळ नकाशा भिंतीवर लागलेला असतानाची असते.

दुसरा निर्णय रस्ता केव्हा व कशाने बांधावयाचा हा. तो अंदाजपत्रकात होतो. मुरूम, खडी, डांबर की सिमेंट. आधी जलवाहिनी व मलवाहिनी की आधी रस्ता. कोणत्या प्रभागास किती रक्कम, हे सर्व तेथे ठरते. नवा रस्ता होताच जलवाहिनीसाठी तो पुन्हा खोदला गेल्याचे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. हे केवळ निष्काळजीपणाचे फळ नव्हे. दोन कामांचे निर्णय दोन वेळी, परस्परांस न विचारता झाल्याचे ते फळ आहे. अंदाजपत्रकापूर्वी वस्तीतील चार जाणत्या माणसांनी “आमच्या गल्लीत आधी नळाचे काम घ्या” असे लेखी कळविले, तर तेवढा खर्च वाचू शकतो.

निर्णय घेणारे कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. महानगरपालिकेतील निर्वाचित सदस्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. त्यानंतर सभागृहाचे व समित्यांचे अधिकार प्रशासकाकडे राहिले. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होऊन निर्वाचित सभागृहाचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे दर, रस्ते व खर्च ह्यांचे निर्णय नगरसेवकांवाचून झाले. त्या काळात जन्मलेले मूल शाळेत दाखल होण्याच्या वयाचे झाले. निर्वाचित प्रतिनिधी नसताना नागरिकाची लेखी हरकत हेच त्याचे एकमेव साधन असते. प्रतिनिधी असताना ते पहिले साधन असते. दोन्ही काळांत ते लागतेच.

५. गावाकडील वाट

खेड्यातील शाळेत हाच पाठ ग्रामसभेच्या आधारे घ्यावा. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना व ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. ह्या दुरुस्त्या अनुक्रमे २४ एप्रिल व १ जून १९९३ पासून अमलात आल्या. परंतु ग्रामसभेसारखी प्रत्यक्ष सभा शहरवासीयास सहसा लाभत नाही. शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद २००९ च्या दुरुस्तीने झाली असली, तरी ती ग्रामसभेइतकी रुजली नाही. ह्या दृष्टीने खेड्यातील नागरिक शहरातील नागरिकापेक्षा अधिक संपन्न आहे.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्या उपस्थितीने गणपूर्ती होते. ९०० मतदारांच्या गावात गणपूर्तीस किती जण हवेत व १,२०० मतदारांच्या गावात किती, हे मुलांकडून काढून घ्यावे. (पहिले उत्तर १००, दुसरेही १००, हे का, ते मुलांनीच सांगावे.) ग्रामपंचायत आपले कर शासनाने ठरविलेल्या किमान व कमाल मर्यादेत ठरविते. गावाचा विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ ह्या काळातील निधीपैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता ह्यांसाठी बांधलेला होता व ४० टक्के भाग गावाच्या गरजेनुसार खर्चावयाचा होता. तो चाळीस टक्के कशावर खर्चावा, हे सांगण्याची जागा ग्रामसभा होती. जे घरी बसले, त्यांच्या वतीने इतरांनी ठरविले.

आपल्याच जिल्ह्यातील वाळूज औद्योगिक वसाहतीनजीकचे पाटोदा हे गाव ह्या संदर्भात महाराष्ट्रभर परिचित आहे. श्री. भास्करराव पेरे-पाटील सरपंच असताना तेथे संपूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबास वर्षभर दळण मोफत करून देण्याची योजना चालविण्यात आली. योजना साधी आहे, परंतु तिच्यामागील विचार खोल आहे. कर भरावा असा उपदेश सर्वत्र होतो. पाटोद्याने कर भरल्यावर काय मिळते हे प्रत्येक घराच्या पिठाच्या डब्यात दाखवून दिले. कर देणारा व सेवा देणारा समोरासमोर आले म्हणजे वसुलीसाठी दारे ठोठवावी लागत नाहीत, हा त्याचा बोध.

शहरात असे काही होऊ शकते काय? पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक तयार करण्याचा उपक्रम सुरू केला. पदपथ, दिवे, बसथांबा अशी आपल्या परिसरातील लहान कामे नागरिकांनी अर्जाद्वारे सुचवावयाची व योग्य त्या सूचनांचा पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात समावेश व्हावयाचा, अशी ही पद्धत. सूचना साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे नवे वर्ष सुरू होण्याच्या सहा-सात महिने आधी मागविल्या जातात. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे ह्या शहरात १९८९ साली सुरू झालेल्या प्रयोगामुळे ही कल्पना जगभर पसरली. तेथेही मर्म हेच की, पैसा वाटला जाण्याच्या आधी लोकांना विचारावयाचे.

६. हरकत लिहावी कशी

लेखी हरकत हा पत्रलेखनाचाच एक प्रकार आहे. म्हणून तो भाषेच्या तासिकेसही उपयोगी पडतो. चांगल्या हरकतीत पुढील गोष्टी असाव्यात :

(अ) योग्य अधिकाऱ्याचे पद व ज्या नोटिशीस उत्तर द्यावयाचे तिचा दिनांक.
(आ) आपली जागा नेमकी कोणती. मालमत्ता क्रमांक, गट क्रमांक किंवा गल्लीची ओळख.
(इ) आक्षेप एकाच वाक्यात.
(ई) आधार, पावती, मोजणी, छायाचित्र किंवा नकाशा.
(उ) पर्याय. “हे करू नका” एवढेच न लिहिता “ह्याऐवजी असे करावे” हेही लिहावे.
(ऊ) प्रत्यक्ष सुनावणीची मागणी.
(ए) अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व दिनांक घेऊन ती जपून ठेवणे.

ह्यांतील शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. पुढे काय झाले हे न कळल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमान्वये अर्ज करून सामान्यतः तीस दिवसांत माहिती मागता येते.

पर्याय देण्याचे महत्त्व मुलांस विशेषकरून समजावे. गल्ली तीस फूट करण्यास विरोध करणाऱ्यांनी “एकदिशा वाहतूक ठेवून वीस फूट पुरेल काय? वळणावरील दोन कोपरे मोकळे केल्यास बंब आत येईल काय?” असे सुचविले, तर सुनावणी घेणाऱ्यास विचार करावयास काही हाती येते. नुसत्या नकारास नुसत्या होकारानेच उत्तर मिळते.

७. पाठाची मांडणी : तीन तासिका

पहिली तासिका. शिक्षकाने घरपट्टीच्या पावतीचा नमुना, नाव व क्रमांक झाकून, फळ्यावर मांडावा. प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते गटांत शोधावे. करयोग्य मूल्याचे वर दिलेले उदाहरण सोडवावे.

दुसरी तासिका. शाळेपासून जवळच्या रस्त्याची फेरी. मुलांनी दोरीने रुंदी मोजावी. दिवे, गटार, खड्डे व झाडे ह्यांची नोंद करावी. साधा नकाशा काढावा. रहदारीच्या रस्त्यावर मोजणी करू नये. आडवळणाची गल्ली किंवा गावातील पांदण निवडावी.

तिसरी तासिका. वर्गात सुनावणी भरवावी. एक गट रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव मांडील. दुसरा गट घरमालकांचा. तिसरा गट रोज त्या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलांचा व रुग्णाला नेणाऱ्यांचा. चौथा गट दुकानदारांचा. तिघांनी ऐकून निर्णय लिहावयाचा व निर्णयाची कारणे द्यावयाची. नंतर गटांची अदलाबदल करावी. काल ज्याने घर वाचविले त्याने आज रस्ता मागावा. दोन्ही बाजू बोलून पाहिल्यावाचून सार्वजनिक प्रश्नाचे वजन कळत नाही.

८. शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

कोणत्या मुलाच्या घरची पट्टी थकली आहे, कोणाचे घर नियमित झालेले नाही, हे वर्गात कदापि विचारू नये. ज्या वस्तीत बांधकामे हटविण्याची नोटीस लागली आहे, तेथील शाळेत सुनावणीचा प्रयोग दुसऱ्या काल्पनिक गावाच्या नावाने घ्यावा. काही मुलांच्या घरी रात्रभर ह्याच गोष्टीची चर्चा झालेली असते. त्यांच्या दृष्टीने हा खेळ नसतो. त्याचप्रमाणे कोणत्याही पक्षाची, नगरसेवकाची किंवा सरपंचाची स्तुती वा निंदा पाठात येऊ देऊ नये. शिक्षकाने वाट दाखवावी. कोणत्या बाजूस वळावयाचे ते मोठेपणी मुलांनीच ठरवावयाचे आहे.

आणखी एक गोष्ट. “कर चुकविणे हा शहाणपणा” आणि “सरकारी काम असेच चालावयाचे” ही दोन वाक्ये मुले घराबाहेर पुष्कळ ऐकतात. दोन्हींचे मूळ एकच आहे : हे आपले नव्हे, कोणा दुसऱ्याचे आहे, ही समजूत. जो मुलगा आपल्या गल्लीची रुंदी स्वतः मोजतो, जी मुलगी पावतीवरील ओळ वाचून आईला तिचा अर्थ सांगते, त्यांच्या मनात ही समजूत सहज रुजत नाही.

९. स्वाध्याय

१. कराचे मूल्य व कराचा दर ह्यांतील फरक उदाहरणाने सांगा. प्रत्येकाविषयीचे म्हणणे केव्हा मांडावे?
२. एका घराचे वाजवी भाडे दरमहा १,५०० रुपये आहे. दहा टक्के वजावट करून करयोग्य मूल्य काढा.
३. ३०० फूट लांबीची गल्ली १२ फुटांवरून २० फूट रुंद करण्यास किती चौरस फूट जागा लागेल? ती सुमारे किती गुंठे होते?
४. तुमच्या गावातील मागील ग्रामसभेत कोणते ठराव झाले ते मोठ्यांकडून विचारून लिहा.
५. शाळेकडे येणाऱ्या रस्त्यावरील एक अडचण निवडा. ती दूर करण्यासाठी योग्य अधिकाऱ्यास पर्यायासह अर्ज लिहा. अर्ज पाठविण्याचा योग्य महिना कोणता, ते कारणासह सांगा.

ह्या पाचव्या स्वाध्यायातील अर्जांपैकी एक उत्तम अर्ज, पालकांच्या व शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने, खरोखरच दाखल करावा आणि त्याची पोच वर्गात लावून ठेवावी. उत्तर आल्यास तेही वाचून दाखवावे. न आल्यास पुढील पाऊल कोणते, हाच पुढील पाठाचा विषय करावा.